मापाला आलेलं म्यान

नियाज जीनवाल्याला तुटलेलं बघवत नसे. खरंच बघवत नसे हो, उगाच बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. बाळापुरात किल्ल्याकडे चढणाऱ्या गल्लीत त्याचं दुकान. एकदा परगावचा कोणी माणूस पत्ता विचारायला तिथं थांबला. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा एका धाग्यावर लोंबत होता. नियाजनं पत्ता सांगता सांगताच पिशवी उतरवून घेतली, दाभण ओवलं, आणि 'मशिदीपासून डाव्या हाताले वळा' इथपर्यंत येईतो पट्टा शिवून पिशवी परत खांद्यावर ठेवली. तो माणूस खिशात हात घालायला लागला तर नियाजच त्याच्यावर उखडला. "पत्ता इचारला, पत्ता सांगतला. आता जा की!" त्याची बायको खुर्शीदबी आतून हे सगळं ऐकत असायची. "या माणसाले जन्नतच्या दरवाजाची कडी ढिली दिसली, तर हा बाहेरच बसून ती ठोकत बसंन," असं ती शेजारणींना सांगायची, आणि त्यात फार काही खोटं नव्हतं.

धंदा आज्यापासूनचा. आजा घोड्यांची खोगिरं, तलवारींची म्यानं आणि ढाली करायचा. आत लाकूड, वर चामडं. लाकूड तासणारा सहसा चामडं शिवत नाही आणि चामडं शिवणारा रंधा धरत नाही, पण या एका घरात दोन्ही कामं एकाच हातात होती आणि त्याचा त्यांना भारी तोरा. बापाच्या काळात घोडे गेले, बैल राहिले. मग बैलाच्या मानेखालून बांधायची जोती, तोंडावरच्या म्होरक्या, घुंगरांचे पट्टे, चाबूक. खोगिरं तर नियाजनं जन्मात दोनच केली असतील, तीही लग्नाच्या घोडीसाठी. तरी जीनवाला, म्हणजे खोगीरवाला, हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या घराची एक रीत होती. शेतकरी नवं जोतं करायला सांगायचा तेव्हा मापासाठी जुनं जोतं ठेवून जायचा. ते जुनं कितीही फाटलेलं असो, नियाज ते आधी दुरुस्त करणार, तेल पाजणार, आणि नव्यासोबत परत देणार. त्याचं काही घेणार नाही. मापाला आलेली वस्तू तुटकी परत जाऊ नये, असं आज्यानं घालून दिलेलं. धंद्याच्या हिशेबानं हा शुद्ध येडेपणा. कारण तो शेतकरी जुन्यावरच आणखी चार वर्षं काढायचा आणि नवं खुंटीला टांगून ठेवायचा. हे नियाजला कळत नव्हतं असं नाही. पण रीत ती रीत, त्यापुढं अक्कल चालवायची नाही, असा सारा मामला.

मग ती वर्षं आली. वऱ्हाडातल्या जीव दिलेल्या शेतकऱ्यांची नावं रोज पेपरात यायची आणि ती वाचायला कोणाचं मन धजायचं नाही, ती वर्षं. कापसानं दगा दिला, सोयाबीननं दिला, आणि लोकांनी आधी काय काढलं असेल घरातून, तर बैल. वैरण कुठून आणायची? नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. पूर्वी पोळ्याच्या आधी पंधरा दिवस नियाजच्या दुकानापुढं उभं राहायला जागा नसायची. आता पोळ्याच्या आदल्या दिवशीसुद्धा तो पायरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्यांच्या चपला बघत बसायचा.

पुंजाराम म्हणजे नदीपलीकडच्या गावचा शेतकरी, तीस वर्षांचं गिऱ्हाईक आणि तितकाच जुना दोस्त. एक दिवस त्यानं जोत्यांचा भारा आणून नियाजपुढं टाकला.

"घे. जोडी इकली बाजारात. हे घरात दिसलं की पाय गोठ्याकडे वळते."

नियाजनं जोतं उलटंपालटं करून पाहिलं. एका जागी शिवण उसवली होती. त्यानं दोरा काढला, मेण लावलं आणि लागला शिवायला.

"काहून शिवून राहिला बे? बैल गेले ना!"

"मंग तुटकंच ठेवू का?"

"आन घालशीन कोणाच्या मानेवर? माया?"

दोघं हसले. हसता हसता पुंजारामचे डोळे भरून आले, आणि नियाज मान खाली घालून टाके घालत राहिला.

आता महेजबीनचं सांगतो. नियाजला तीन मुली. थोरल्या दोघी लग्न होऊन गेल्या, एक मूर्तिजापूरला, एक अकोल्यात. धाकटी महेजबीन. बारावी झाली, घरात बसून ओढण्यांना लेस लावून द्यायची. बोलायची कमी, बघायची जास्त. एकदा नियाजच्या हाती तिची चप्पल आली. अंगठ्याची पट्टी शिवलेली होती. तो टाका बघून नियाज चमकलाच. दोन्ही बाजूंनी सुई घालून आवळलेला, तिरपा, सारखा. हुबेहूब त्याचाच टाका.

"हे कोणी शिवलं?"

"मी."

"कोणी शिकवलं तुले?"

"कोणी कायले शिकवंन? लहानपणापासून पाहूनच राहिली ना मी."

त्या दिवशी नियाजला जेवण गोड लागलं नाही आणि कडूही लागलं नाही. साठीला आलेला माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. उजव्या हाताचा अंगठा सकाळी उठल्यावर घटकाभर उघडायचाच नाही. हात संपत आला, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि हा हात आपल्यासोबत मातीत जाणार म्हणून तो आतल्या आत कुढत होता. अन् इथं घरातच, लेसच्या रिळांमागं, तो हात बसलेला!

बाकी सगळं ती बघून शिकली असती. एक गोष्ट मात्र बघून येणारी नव्हती. म्यानाच्या पाठीचा टाका. लाकडाच्या दोन पट्ट्या आतून कोरायच्या, जोडायच्या, त्यांवर ओलं चामडं ताणून चढवायचं आणि मागं शिवायचं. सुई चामड्याच्या जाडीतूनच आडवी जाते, डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते तेवढीच. वाळल्यावर चामडं आवळतं आणि शिवण आत बुडते. बोट फिरवलं तरी जोड सापडायचा नाही. हा टाका आज्यानं बापाला हातावर हात ठेवून दिला आणि बापानं नियाजला तसाच. पण तो शिकवायला म्यान पाहिजे, दहा-वीस म्यानं बिघडवायला चामडं पाहिजे, आणि बाळापुरात तलवारी बांधून फिरतंय कोण? नियाजच्या मनानं एकच घेतलं. कुठूनही म्यानांचं काम येऊ दे. डोळे आहेत तोवर हा टाका पोरीच्या बोटांत गेला पाहिजे. दुसरं काहीच मागणं नव्हतं त्याचं.

आणि काम आलं की राव!

अकोल्याचा ओमप्रकाश हाताच्या वस्तू गोळा करून दिल्लीच्या एका कंपनीला द्यायचा, तिथून त्या परदेशी जायच्या. कोणाकडे तरी त्यानं नियाजच्या आज्याची ढाल पाहिली आणि विचारत विचारत दुकानापाशी आला. तिकडच्या लोकांचं काय चालतं ते त्यानं समजावून सांगितलं. सुट्टीच्या दिवशी ते जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातले कपडे घालून मैदानात जमतात. तंबूत राहतात, लाकडी प्याल्यातून पितात, कमरेला म्यान बांधतात आणि खोट्या लढाया करतात.

"पगार भेटते त्यायले?" नियाजनं विचारलं.

"छे हो. पदरचे घालून करतात."

"बाप्पा! मंग लय सुखी असतीन."

ओमप्रकाशनं आधी तीन म्यानं करून मागितली. नियाजनं जीव ओतला. शिवणीच्या झाडाचं लाकूड आणलं, अकोल्याहून चांगलं चामडं आणलं, आणि अशी तीन म्यानं केली की खुर्शीदबीनंसुद्धा हात पुसून हातात घेतली. महिन्याभरानं ओमप्रकाशचा फोन आला. तिकडच्या साहेबांना पसंत नाही. टाके फार सारखे आहेत, जोड कुठे दिसतच नाही, हे मशीनवर केलंय म्हणतात.

नियाजनं फोन ठेवला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. शिवी दिली असती तर चाललं असतं हो. मशीन म्हणाले! ज्या टाक्यासाठी बापानं लहानपणी बोटांवर पट्ट्या मारल्या, त्या टाक्याला मशीन! तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच की "त्या साहेबाच्या बापानं पाहिला होता का असा टाका?" खुर्शीदबी म्हणाली, "त्याच्या बापाचं राहू द्या, चहा घ्या."

पण ओमप्रकाश चिकाटीचा माणूस, आणि वाईट तर नव्हताच. त्यानं परत फोन केला. "नियाजभाई, त्या साहेबांनी स्वतःचं म्यान नमुन्याला पाठवलंय. तुम्हाला पार्सल करतो. ते बघा आणि तसंच करा. आधी तीन, मग चाळीस. हे जमलं तर दरवर्षी काम आहे. नमुना मात्र जपून परत द्या, एकच आहे."

पार्सल एसटीनं आलं. नियाजनं दुकानात सगळ्यांसमोर ते उघडलं, आणि आतली वस्तू उजेडात धरली. काय दशा होती त्या म्यानाची! तोंडाशी लाकूड चिरलेलं, टोकाची टोपी हललेली, चामड्यावर ओरखड्यांची जाळी. कमरपट्ट्याची शिवण दोन ठिकाणी उसवून भलत्याच जाड दोऱ्यानं कोणीतरी वेडीवाकडी टाचलेली. एका जागी चामडं झिजून आतलं लाकूड डोकावत होतं.

सोबत इंग्रजीत एक कागद होता. महेजबीननं वाचला. लांबी, रुंदी, पट्ट्याचं माप, आणि खाली लिहिलेलं, अगदी नमुन्यासारखं. "दोनदा लिहिलंय, अब्बा. अगदी नमुन्यासारखं."

"हौ, माप बरोबर पाहिजे त्यायले. बिचाऱ्यापाशी शिवणारं कोणी नाई दिसत तिकडे. पाह्य, काय हाल झाले याचे!"

"आपण याले हात लावाचा का? ओमप्रकाशशेठले फोन करून इचारू?"

"त्यात काय इचारतं? मापाले आलं ना ते आपल्याकडे?"

झालं. तिथंच सगळं ठरलं. नमुना आधी दुरुस्त करायचा, मग त्याच्यासारखी तीन करायची. दुसरा कोणताही कारागीर असता तर त्यानं नमुना समोर ठेवला असता, ओरखडे मोजले असते आणि गप तसंच काम केलं असतं. पण नियाज जीनवाला पडला नियाज जीनवाला.

आणि तो नमुना त्यानं महेजबीनच्या हातात दिला. दुकानात बसून केलेलं तिचं पहिलं काम. गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर नको म्हणून खुर्शीदबीनं दाराला अर्धा पडदा लावला आणि दर अर्ध्या तासानं काहीतरी निमित्त काढून बघून जायला लागली. ते आठ दिवस त्या घरात ईद असल्यासारखे गेले. महेजबीननं कमरपट्टा पूर्ण उसवला, तो घाणेरडा जाड दोरा काढून फेकला, आणि नव्या मेणाच्या दोऱ्यानं असा शिवला की नियाजनं चष्मा वर करून, खाली करून, दोनदा पाहिला आणि काहीच बोलला नाही. बोलला नाही म्हणजे पसंत पडलं. लाकडाच्या चिरेत तिनं सरस आणि भुसा भरला, घासून सारखं केलं. झिजलेलं चामडं कापून काढलं, तिथं नवा तुकडा बसवला. पाठीची शिवण नियाजनं स्वतः घेतली. ती शेजारी बसून त्याच्या बोटांकडे बघत होती.

"हा टाका तुले देतो," तो म्हणाला. "चाळीस येऊ दे. पहिली दहा मी तुया हातावर हात ठेवून करतो. मंग तू. मी नुसता पाहत बसतो."

"बिघडले तर?"

"बिघडू दे ना. बिघडवासाठीच तं दहा सांगतले."

महेजबीन हसली. कापलेले जुने तुकडे आणि दोरे खुर्शीदबीनं झाडून कचऱ्यात टाकले. शेवटी म्यानाला मेण चोळलं, तेव्हा त्यात तोंड दिसावं अशी झळाळी आली. नियाजला एवढं समाधान कैक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग नवी तीनही झाली आणि माल पोचवायला बापलेक मिळून अकोल्याला गेले. महेजबीनच हट्ट करून निघाली होती. ओमप्रकाशच्या माडीवरच्या खोलीत नियाजनं टेबलावर फडकं सोडलं आणि चार म्यानं ओळीनं मांडली.

ओमप्रकाशनं ती हातात घेऊन पाहिली. "ही परत तशीच झाली, नियाजभाई. गुळगुळीत. आणि नमुना कुठंय?"

"हा काय." नियाजनं चौथं पुढं सरकवलं.

ओमप्रकाश हसला, त्याला वाटलं मस्करी आहे. मग त्यानं टोकाची टोपी पाहिली, बक्कल पाहिलं, आणि त्याचं हसू तसंच राहिलं तोंडावर. तो खुर्चीत बसला. म्यान मांडीवर घेऊन अंगठ्यानं कमरपट्टा चाचपत राहिला.

"काय केलंत हे?"

"मापाले आलं होतं, शेठ. आमची रीत हाय."

"अहो, वीस वर्षं वापरलंय त्या माणसानं हे. कोणत्या मैदानात, कोणाशी खेळताना कोणता ओरखडा पडला, ते त्याला तोंडपाठ आहे. पट्टा तुटला तेव्हा त्याच्या मित्रानं तिथंच मैदानात बसून तो शिवला होता, तो मित्र वारला. ते सगळं पाहिजे होतं त्याला. ओरखड्यांसकट, चिरेसकट, अशी चाळीस."

नियाजला शब्द कळले, पण अर्थ काही केल्या आत शिरेना.

"पण शेठ, ते तर तुटलं होतं," तो म्हणाला.

तेवढ्यात ओमप्रकाशनं दिल्लीला फोन लावला. पलीकडचा माणूस ओरडत होता ते या दोघांनाही ऐकू येत होतं. नियाजनं टेबलावरचं म्यान उचललं, खिशातून रापी काढली आणि महेजबीननं घातलेली शिवण कापायला लागला. "मी करून देतो वापस. होतं तसं करून देतो." ओमप्रकाशनं फोन कानाशी धरूनच त्याचा हात पकडला. जुने तुकडे कुठं आहेत, असं त्यानं विचारलं. ते कचऱ्यात गेले होते.

"पट्टा मी शिवला," महेजबीन पहिल्यांदाच बोलली. "अब्बायनं नाई. मी शिवला."

ओमप्रकाशनं तिच्याकडे पाहिलं. "एक नंबर शिवलास, बेटा," तो म्हणाला. "तेच तर झालं."

बसमध्ये दोघं शेजारी बसून आले. पारसचा फाटा मागं पडला तेव्हा महेजबीन हळूच म्हणाली, "मी फोन करून इचारलं असतं तर." नियाजनं मान हलवली. त्याला सांगायचं होतं की चूक तुझी नाही, माझी आहे, पण चूक नेमकी काय झाली हेच त्याला अजून पटत नव्हतं. तुटलेलं शिवलं, ही चूक? आता तुम्हीच सांगा, कोणाला दोष द्यायचा? त्या परदेशी माणसाला तरी कसा द्यायचा, त्याचा मेलेला दोस्त त्या दोऱ्यात होता. मला तर विचार करकरून डोकं उठतं.

चाळीस म्यानं हातची गेली. काम दुसरीकडच्या कुठल्याशा कारखान्याला मिळालं. पुढचं वर्षही कोरडं गेलं. पुंजाराम शेत भावाकडे सोपवून अमरावतीला लेकाकडे गेला आणि एका शाळेच्या फाटकाशी राखण करायला लागला. जाताना भेटायला आला होता, पण त्या दिवशी नियाजनं दुकान उघडलंच नव्हतं. दाराचा पडदा खुर्शीदबीनं काढून टाकला. महेजबीन पुन्हा लेसकडे वळली.

दीड वर्षानं ओमप्रकाश स्वतः आला, टेम्पो घेऊन. टेम्पोत पोती होती आणि पोत्यांत म्यानं, पट्टे, चामड्याच्या पिशव्या. सगळा कारखान्याचा, मशीनचा माल.

"माल चांगला आहे, पण नवा दिसतो," तो म्हणाला. "त्यांना वापरलेला पाहिजे. कारखान्यातली पोरं दगडावर घासतात, ते लगेच ओळखू येतं. नियाजभाई, कुठं काय झिजतं, कुठून काय तुटतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? नवा माल आणून देतो, जुना करून द्या. बारा महिने काम."

"मी शिवतो, शेठ. तोडाचं काम नाई करत," नियाज म्हणाला, आणि उठून आत गेला.

महेजबीन मात्र बाहेर आली. "ठेवून जा," ती ओमप्रकाशला म्हणाली. "मी करीन."

दोन दिवस नियाज तिच्याकडे पाठ करून बसला. मागं खिळ्याचा करकर आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मान वळवली. महेजबीन एका पट्ट्यावर खिळ्यानं जिथं तिथं रेघोट्या ओढत होती. नियाजला ते बघवेना. चुकीचं तुटलेलं तर त्याला मुळीच बघवेना.

"असं नाई तुटत!" तो ओरडला. "आण इकडे. हे पाह्य, घाम कुठं लागते? कमरेच्या मागं. म्हून चामडं आधी अठी काळं पडते, मंग अठीच तडकते. बक्कलाचं तिसरं भोक लांबट होते, पहिलं कधीच नाई होत. अन् लाकूड? ते तोंडाशीच चिरते, तलवार घाईत घालतात म्हून."

मग तो शिकवतच गेला. पन्नास वर्षांत जे जे तुटकं त्याच्या हाताखालून गेलं होतं, ते सगळं त्यानं तिला दिलं. मिठाचं पाणी कुठं लावायचं, दोरा कुठला आणि किती कुरतडायचा, टाका कसा उसवायचा म्हणजे तो आपोआप उसवल्यासारखा दिसतो. हातावर हात ठेवून शिकवलं. एखाद्या वेळी शिकवण्याच्या भरात त्याचा चेहरा फुलायचा, आणि मग आपण काय शिकवतोय ते आठवून तो पाणी प्यायला उठायचा. महेजबीनचा हात तर मूळचाच तयार. सहा महिन्यांत ती त्याच्यापेक्षा पुढं गेली. दुकानात आता दोघं बसायचे, दिवसभर, पोत्यांच्या मध्ये, आणि दुकानातून तुटकं सोडून दुसरं काही बाहेर जात नव्हतं.

एका दुपारी ओमप्रकाशचा फोन आला. फोनवर बोलता बोलताच महेजबीन उठून उभी राहिली. तिकडच्या कोणा जुन्या गिऱ्हाइकानं एक म्यान हातात घेऊन सांगितलं होतं की, हे कमीत कमी तीस वर्षं कोणीतरी कमरेला बांधलेलं आहे, पैज लावतो.

"अब्बा, ते माझं होतं!" तिचे डोळे चमकत होते. तिला एवढं आनंदात नियाजनं नमुना शिवल्याच्या त्या आठ दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. "ज्याची टोकाची टोपी मी वाकवली होती ना, ते!"

"शाब्बास, बेटा," नियाज म्हणाला. एवढी मोठी शाबासकी त्यानं तिला पहिल्यांदाच दिली. त्यानं शेजारचं पोतं सरकवून जागा केली आणि म्हणाला, "ये, बस अठी. तो पाठीचा टाका तुले देऊन टाकतो. डोयाले अजून थोडं दिसून राहिलं. एखांदं म्यान बिघडलं तरी चालते."

महेजबीननं पोत्यांकडे पाहिलं. तिनं काही तोडून उत्तर दिलं नाही, अगदी मायेनं बोलली.

"आता कायले, अब्बा? उद्या गाडी येते. साठ पट्टे बाकी हायेत. जरा हा धरता का?"

नियाजनं पट्टा दोन्ही हातांनी ताणून धरला. महेजबीननं रापीचं टोक लावलं, आणि तो जिथून तुटायला पाहिजे होता, बरोबर तिथून तोडला.